चौथा स्क्रू

खेळाडू पडून कळवळायला लागला की मी चालत जातो. ओरडतोय म्हणजे श्वास आहे, शुद्ध आहे. पडल्यापडल्या जो गप्प होतो त्याच्याकडे मात्र धावायचं. त्या शनिवारी दुसऱ्या क्वार्टरमध्ये आमचा ५४ नंबर पालथा पडला, आणि त्याच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही.

ओहायोतल्या एका कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा मी अ‍ॅथलेटिक ट्रेनर. आपल्याकडे ट्रेनर म्हटलं की जिमवाला डोळ्यापुढे येतो. इथे हा परवाना घेऊन करायचा वैद्यकीय पेशा आहे. ५४ नंबर लाइनबॅकर होता. पुढे सव्वाशे-दीडशे किलोची धुडं एकमेकांना रेटत असतात. त्यांच्या फटीतून चेंडू घेऊन जो घुसेल त्याला आडवा करायचं, म्हणजे टॅकल करायचं, हे लाइनबॅकरचं काम. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं, आणि एनएफएलचे, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगचे, खेळाडू हेरणारे स्काउट त्याला दोनदा पाहून गेले होते.

समोरचा धावपटू आधीच एका बाजूने पकडला गेला होता, खाली कोसळत होता. ५४ नंबर पूर्ण वेगात आला, शेवटच्या पावलाला डोकं खाली घातलं आणि हेल्मेटची टाळू त्या धावपटूच्या मांडीवर आदळली. मान नेहमी किंचित मागे वाकलेली असते. त्या बाकामुळे धक्का स्नायू आणि चकत्या वाटून घेतात. डोकं साधारण ३० अंश पुढे झुकलं की तो बाक निघून जातो, सातही मणके एका रेषेत येतात. मग पुढे डोकं थांबलेलं, मागून धड येतंय आणि मधली मान चेपतेय. सगळा प्रकार डोळ्याचं पातं लवायच्या आत होतो.

मी त्याच्या डोक्याशी गुडघे टेकले आणि हेल्मेट दोन्ही हातांत धरलं. एकदा धरलं की दुसऱ्याच्या हातात देईपर्यंत सोडायचं नाही, नाकावर माशी बसली तरी. श्वास चालू होता. त्याने विचारलं, "माझे हात कुठे आहेत?"

ते त्याच्याच छातीखाली होते.

या खेळात स्टिंगर रोजचाच. खांद्याला धक्का बसून हाताच्या नसा ताणल्या जातात, एका हातात वीज गेल्यासारखी आग होते आणि बऱ्याचदा दोन-चार मिनिटांत ओसरते. खेळाडू हात झटकत बाकावर येतो. पण स्टिंगर एकाच हातात असतो. दोन्ही हात, किंवा एक जरी पाय त्यात आला, तर ती मज्जारज्जूची भानगड समजायची, मग खेळाडू काहीही म्हणो. याचे दोन्ही हात, दोन्ही पाय गेले होते. मान दुखतेय का विचारलं, तर नाही म्हणाला. नवखा माणूस इथे फसतो. मज्जारज्जूला नुसता दणका बसला असेल तर मान बहुतेक वेळा दुखतच नाही.

पालथ्या माणसाला सुलटा करताना डोक्याशी बसलेल्याने हातांची आधीच फुली करून धरायचं असतं, म्हणजे वळवून झाल्यावर हात सरळ होतात. सरळ हातांनी सुरुवात केली तर अर्ध्यावर मनगटं अडकतात आणि पकड बदलावी लागते. ते कुठल्याही परिस्थितीत नको. हुकूम फक्त डोक्याशी असलेल्याचा. खांदा, कंबर, पाय धरायला तिघं आणि पाठीखाली कडक बोर्ड सरकवायला एक. तीनच्या मोजणीला त्याला थेट बोर्डवर वळवला. तो बोर्डच्या कडेला आला, तेव्हा शरीराच्या लांबीच्या दिशेने तिरका सरकवत मध्ये आणला. आडवा ओढला तर कंबर आधी येते आणि मान मागे राहते.

आता फेसमास्क. श्वास ठीक असला तरी हा काढायचाच, कारण वाटेत उलटी झाली किंवा श्वास अडला तर तोंडापर्यंत हात पोचला पाहिजे. लोखंडी जाळी चार प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी हेल्मेटला बसवलेली असते: दोन कानांजवळ, दोन कपाळावर. बॅटरीवरच्या स्क्रूड्रायव्हरने बाजूचे दोन निघाले, कपाळावरचा तिसरा निघाला. चौथा नुसताच फिरत राहिला. ऑगस्टपासूनच्या घामाने गंजून स्क्रू आतल्या नटला चिकटला होता, आणि नट कवचात घट्ट राहण्याऐवजी त्याच्याबरोबर गरगरत होता. अशा वेळी ड्रायव्हर दाबून दाबून लोक वेळ घालवतात, आणि प्रत्येक दाबाला डोकं हलतं. नियम असा, की एकदा अडलं की थेट कटर. पट्टी कापायला माझ्या सहकाऱ्याला वीसेक सेकंद लागली. कटर पाकिटाच्या तळाशी असता तर किती लागली असती, याचा मी नंतर बराच विचार केला.

हेल्मेट आणि शोल्डर पॅड तसेच ठेवले. हेल्मेट एकटं काढणं ही घोडचूक असते. पॅडमुळे धड वर उचललेलं असतं. हेल्मेट गेलं की डोकं मागे लोंबकळतं आणि मान उलटी वाकते. काढायचं तर दोन्ही, नाहीतर काहीच नाही. मैदानावरच दोन्ही काढावेत असं मानणारेही पुष्कळ आहेत. हाताशी शिकलेली माणसं पुरेशी असतील तर त्यांचं म्हणणं मला पटतं. त्या दिवशी डोक्याशी असलेला मी धरून सरावातले आम्ही तिघेच होतो.

बोर्डला पट्टे बांधत असताना त्याच्या उजव्या पायाचा अंगठा हलला. पडल्यापासून सहा मिनिटं झाली होती. अ‍ॅम्ब्युलन्सच्या दारापर्यंत पाय गुडघ्यात वाकायला लागले, हातांची बोटं मात्र अजून थंड. असं सुधारताना बघून बोर्ड सोडायचा मोह होतो. सोडायचा नाही. सुधारणा म्हणजे मणका शाबूत असल्याचा दाखला नव्हे.

मी सोबत गेलो, स्क्रूड्रायव्हर आणि कात्री घेऊन. आपत्कालीन विभागातल्या नर्सने आयुष्यात फुटबॉलचं हेल्मेट काढलेलं नसतं. आधी गालांच्या गाद्या चपट्या काठीने उचकटून काढायच्या, पॅडच्या पुढच्या नाड्या आणि जर्सी कापायची, एकाने खालून जबडा आणि मागचं डोकं पेलायचं, मग हेल्मेट आणि पॅड एकामागोमाग. हे त्यांना तिथेच उभं राहून सांगावं लागतं.

सीटी स्कॅनमध्ये फ्रॅक्चर नव्हतं. तोवर हातही परतले होते. एमआरआयने खरं काय ते सांगितलं. मज्जारज्जू ज्या नळीतून जातो ती चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी इतकी अरुंद होती, की रज्जूभोवती पाण्याचा जो पांढरा पट्टा दिसायला हवा तो तिथे दिसतच नव्हता. आतला रज्जू सुदैवाने धड होता. नळी जन्मतःच तशी असते. नुसत्या एक्सरेवर नळीची रुंदी आणि मणक्याची रुंदी यांचं गुणोत्तर काढतात, ०.८ पेक्षा कमी आलं की धोका धरतात. पण या खेळाडूंचे मणकेच जाडजूड, त्यामुळे निरोगी पोरंही त्यात नापास होतात. एमआरआयवरचा पांढरा पट्टा जास्त विश्वासाचा.

त्याने विचारलं ते सरळ होतं: एनएफएल? असा झटका येऊन पुन्हा खेळायला उतरलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना तो परत येतो, असं सर्जनने सांगितलं. त्यालाही उदाहरणं पाठ होती. जार्व्हिस जोन्सला याच कारणाने सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने खेळू दिलं नाही; तो जॉर्जियाला गेला आणि २०१३ मध्ये एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, पहिल्या फेरीत सतराव्या क्रमांकाने पिट्सबर्गने त्याला घेतला. लेटन व्हँडर एश डॅलसकडून २०१८ ला आला, मानेवर शस्त्रक्रिया झाली, ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मानेला पुन्हा मार बसला आणि पुढच्या मार्चमध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने खेळ सोडला. रायन शेझिअर, ४ डिसेंबर २०१७, सिनसिनाटी: डोकं खाली घालून केलेला एक टॅकल, दोन दिवसांनी कण्यावर शस्त्रक्रिया. पुढे तो चालायला लागला, पण पुन्हा खेळला नाही. तिघंही लाइनबॅकर.

आमच्या डॉक्टरने मंजुरी नाकारली. दुसऱ्या कॉलेजने दिली असती का? कदाचित. पण एनएफएलआधी इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये, म्हणजे निवडीआधीच्या चाचणीत, ३२ संघांचे डॉक्टर तपासतात आणि हा एमआरआय तिथे पोचलाच असता. पेन्शन लागू व्हायला तिथे तीन हंगाम लागतात. तीन हंगामांत किती टॅकल होतात, याचा हिशोब त्याने माझ्या टेबलावर बसून केला.

सोमवारी आम्ही सगळी हेल्मेटं उलटी केली. गंजलेले स्क्रू एकट्या त्याच्याच हेल्मेटमध्ये नव्हते. सगळीकडे स्टेनलेसचे बसवले आणि दर आठवड्याला ड्रायव्हर लावून बघायचं ठरलं. खरं तर हे जुलैतच व्हायला हवं होतं.

मग मागच्या तीन सामन्यांचं चित्रण काढलं. टॅकल करताना डोळ्यांना समोरच्याच्या जर्सीवरचा नंबर दिसला पाहिजे. गवत दिसलं, तर मान सरळ झाली समजायचं. टाळूने धडकणं १९७६ पासून नियमबाह्य आहे. त्या वर्षी शाळा-कॉलेज मिळून ३४ मुलं कायमची लुळी पडली होती, १९८४ मध्ये ५. नियमाचा उपयोग झाला, यात वाद नाही. तरी त्या तीन सामन्यांत आमच्या ५४ नंबरला पाच वेळा गवत दिसलं होतं. पाचही वेळा समोरचा पडला, शिट्टी वाजली, तो उठला.

तो माझ्या शेजारीच बसून बघत होता, गळ्यात मऊ कॉलर. चौथ्या टॅकलवर त्याने थांबवायला सांगितलं, मागे घेऊन पुन्हा पाहिला. त्या टॅकलबद्दल प्रशिक्षकांनी त्याला हेल्मेटवर लावायचं बक्षिसाचं स्टिकर दिलं होतं. हॉस्पिटलच्या पिशवीतलं ते हेल्मेट टेबलावरच होतं. स्टिकर कपाळाच्या डाव्या बाजूला, कापलेल्या पट्टीला लागून.