भाऊबीजेनंतरचा वडसा

ऑक्टोबर उजाडला की नाटकवेड्या माणसाचा फोन बातम्यांनी भरून जातो. सांगलीचं विष्णुदास भावे गौरवपदक यंदा कुणाला, राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत आपल्या केंद्रावर कोणकोणत्या संस्था, दिवाळीच्या मुहूर्तावर कोणतं नवं नाटक येतंय, शुभारंभाचा प्रयोग कुठल्या नाट्यगृहात. मी हे सगळं मनापासून वाचते, पुण्यातल्या शुभारंभांची तिकिटंही आधीच काढून ठेवते. पण एक गोष्ट मला बरीच वर्षं सलत होती. याच दिवसांत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत, म्हणजे झाडीपट्टीत, रात्र रात्र नाटकं सुरू होतात, होळीपर्यंत चालतात, आणि आमच्याकडच्या बातम्यांत त्यांची एक ओळही नसते. यंदा फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत मी नागपूरची गाडी पकडली.

नागपूरच्या गणेशपेठ स्थानकावरून सकाळची एसटी. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी. भिवापूर मिरचीचं गाव, तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. पूर्वी नागपूर-नागभीड छोटी रेल्वे होती, तिनं हा प्रवास करायची माझी फार इच्छा होती. रूंदीकरणासाठी ती २०१९ मध्ये बंद झाली, त्यामुळे राहून गेलं ते गेलंच. नागभीडच्या पुढे धानाची शेतं दोन्ही बाजूंनी बसला चिकटून चालतात. काही बांध्यांत कापणी झालेली, काहींत धान अजून उभं, पिवळं, जडावलेलं. या पट्ट्यातल्या नाटकाचं वेळापत्रक हे धानच ठरवतं. हलकं, म्हणजे लवकर पिकणारं धान हाती आलं की हातात थोडा पैसा येतो, दिवाळी असते, लेकी माहेरी आलेल्या असतात, आणि गावोगाव मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरते.

ब्रह्मपुरी सोडल्यावर वैनगंगा लागते. पुलावरून पात्र दिसतं ते इतकं रूंद, की पलीकडचा काठ गाठेपर्यंत बोलणं थांबतं. पलीकडे देसाईगंज. रेल्वेच्या पाटीवर वडसा, सरकारी कागदावर देसाईगंज, आणि नाटकवाल्यांच्या तोंडी फक्त वडसा.

वडशाचा तो नाटक कंपन्यांच्या कचेऱ्यांचा रस्ता बघायला मिळावा म्हणून तरी एकदा इकडे यावं. हंगामापुरत्या भाड्यानं घेतलेल्या खोल्या, प्रत्येक खोलीवर कंपनीचा फलक, फलकावर नट-नट्यांचे फोटो इतके दाटीवाटीनं लावलेले की नाटकाचं नाव शोधावं लागतं. ‘तीन अंकी’, ‘संगीत’, ‘सामाजिक’, ‘कौटुंबिक’ हे शब्द मोठ्या अक्षरांत. आत टेबल, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, हार घातलेला नटराज आणि भिंतीवर दिनदर्शिका. त्या दिनदर्शिकेकडे मी कितीतरी वेळ बघत राहिले. जवळजवळ प्रत्येक चौकोनात निळ्या पेनानं गावाचं नाव लिहिलेलं. मोकळे चौकोन नोव्हेंबरात दोन, डिसेंबरात पाच-सहा.

मी बसले होते तेवढ्यात दोन मोटरसायकलींवर पाच पोरं आली. गावच्या मंडळाची. त्यांना मंडईच्या रात्रीसाठी नाटक हवं होतं. व्यवस्थापकांनी पाण्याचा जग पुढे केला आणि चौकशी सुरू झाली.

“नाटक नवीन हाये का जुनंच?”

“नवीन. याच दिवाळीत काढलं.”

“हिरोईन कोन? आन कामेडीले कोन हाये?”

नावं सांगितली गेली. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मागच्या साली शेजारच्या गावात याच कंपनीचं नाटक चांगलं झालं होतं, पण दुसरा अंक लांबला, बाया उठून गेल्या, हे एकानं स्पष्ट सांगितलं. व्यवस्थापकांनी ते मान डोलावून ऐकून घेतलं आणि वहीत लिहूनही ठेवलं. मग रकमेची घासाघीस, मग इसार, आणि दिनदर्शिकेतला एक मोकळा चौकोन भरला. इथे याला ‘तारीख घेणं’ म्हणतात. “तारीख मिळाली का?” हा त्या रस्त्यावरचा प्रश्न.

या व्यवहाराचा अर्थ मला हळूहळू उमगला. पुण्यात निर्माता प्रयोग लावतो आणि प्रेक्षक येतील का म्हणून धास्तावलेला असतो. इथे कंपनीचा पैसा गावानं आधीच कबूल केलेला असतो. मंडप गावाचा, तिकिटं गाव छापणार, गावच विकणार, तोटा आला तर मंडळाच्या पोरांच्या खिशातून जाणार. नफा झाला तर देवळाला, शाळेला. म्हणून नाटक निवडताना पोरं इतकी चोखंदळ होती. स्पर्धेचे परीक्षक मी जवळून पाहिलेले आहेत, पण खिशातले पैसे लावून नाटक निवडणारी ही पोरं मला जास्त कडक वाटली.

या झाडीपट्टी रंगभूमीला मोठा मान मिळाला तो २०२३ मध्ये. गडचिरोली जिल्ह्यातल्या गुरनोलीचे शेतकरी-नट परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली. आठशे भूमिका, पाच हजारांवर प्रयोग. ती यादी आली त्या संध्याकाळी मी आमच्या नाटकवाल्यांच्या गटात विचारलं, कुणी त्यांचं काम पाहिलंय का. कुणीही पाहिलेलं नव्हतं. मीही नव्हतं. त्या रात्री मला फार वाईट वाटलं, आणि या प्रवासाचं बीज खरं तर तिथेच पडलं.

संध्याकाळी मैत्रिणीचे मामा न्यायला आले. त्यांचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, पुन्हा नदी ओलांडून. मंडईचा दिवस. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत पाळणे, बांगड्यांची, जिलेबीची दुकानं, आणि मधे दंडारीचा ताफा. दंडार ही या भागाची जुनी लोकनाट्याची रीत, गावातलेच पुरूष नाचतात, सोंगं आणतात. विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तो दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून साजरा करतो आणि ते योग्यच आहे. पण दंडार, खडीगंमत अशा लोकनाट्यांना आपल्या नाटकाच्या इतिहासात जे चार-दोन परिच्छेद मिळतात, ते या मैदानात उभं राहिल्यावर फारच अपुरे वाटतात.

मामांचं घर पाहुण्यांनी भरलेलं. मंडईला सोयरे येतात, सोयरिकीही इथेच जुळतात. मामांच्या लहानपणी नाटक शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतींना असायचं. बैलांच्या जोड्या घेऊन लांबून माणसं यायची, मुक्काम करायची, त्यांच्या रात्रीच्या करमणुकीसाठी गाव नाटक लावायचं. २०१४ मध्ये न्यायालयाच्या निकालानं पट थांबले, नाटक मात्र मंडईच्या आधारानं चालत राहिलं. २०२१ च्या अखेरीस न्यायालयानं परवानगी दिल्यापासून पटही रीतसर भरू लागले आहेत, मामांना त्याचा केवढा आनंद! स्वयंपाकघरात मामींनी वांग्याची भाजी आणि वाफाळता भात वाढला. “पोटभर जेव माय, नाटक सकारपर्यंत चालते,” त्या म्हणाल्या. इकडे ‘ळ’चा ‘र’ होतो, सकाळची सकार होते. मला तो उच्चार इतका आवडला की मी त्यांना तो शब्द पुन्हा म्हणायला लावला.

नाटकाला निघालो तेव्हा साडेनऊ झाले होते. मामींनी दोन चादरी घेतल्या. शेजारच्या गावांतली माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून येत होती. हा वाघांचा मुलूख आहे, धान कापायला जाताना माणसं जपून जातात, आणि रात्री कुणी एकटं चालत नाही.

मंडप बिछायतवाल्यानं बांधलेला, चहूबाजूंनी रंगीत कापड. मंचासमोरची जमीन उतरती खणलेली, म्हणजे मागच्या माणसालाही दिसावं. पुढे तणसावर बसणारे, मागे खुर्च्या. साडेदहाला नटराजपूजन झालं आणि पडदा उघडला.

मी मंचाच्या डाव्या कडेला जागा धरली होती, कारण मला तिथला खड्डा बघायचा होता. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड, आणि त्यांच्या शेजारी प्रॉम्प्टर. साठीचे गृहस्थ, कानटोपी, खांद्यावर शाल. मांडीवर संहितेची वही, दव पडून शाई फुटू नये म्हणून पानांवर पारदर्शक प्लास्टिक. वहीवर छोटा दिवा. उजव्या हाताची तर्जनी ओळीवरून सरकत होती आणि ओठांतून वाक्य निघत होतं ते नटाच्या एक श्वास आधी. आधी मला ते दोन्ही आवाज वेगळे ऐकू येत होते. अर्ध्या तासानं येईनासे झाले. नायिका एका प्रवेशात रडता रडता थांबली तेव्हा त्यांनी बोट ओळीवरून उचललं, हात हवेत धरला आणि ती पुन्हा बोलू लागेपर्यंत तसाच ठेवला. ती वाक्य विसरली नव्हती, तिला ती शांतता हवी होती, हे त्या माणसाला कळलं होतं. तालमी थोड्या आणि प्रयोग रोज, अशा कारभारात नाटक उभं राहतं ते या खड्ड्यातून.

नाटक दारूचं होतं. जावई सासऱ्याचं धान विकून पितो आणि घर देशोधडीला लागतं. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. म्हणजे नदीच्या एका काठाला बंदी, दुसऱ्या काठाला मोकळीक, आणि आम्ही बसलो होतो ते मोकळ्या काठावर. धानाचं पोतं मंचावरून ओढत नेणाऱ्या जावयाला पुढच्या रांगेतली एक आजी मोठ्यानं ओरडली, “ठेव ते पोतं!” कुणी हसलं नाही. नट क्षणभर थांबला, तिच्याकडे वळून बघितलं, मान खाली घातली आणि पोतं ओढत निघून गेला. शुभारंभाच्या प्रयोगांना मी पुष्कळ टाळ्या ऐकल्या आहेत. त्या आजीच्या ओरडण्यानं माझ्या अंगावर काटा आला, तसा टाळ्यांनी क्वचितच आला असेल.

सगळंच मला आवडलं असं नाही. दोन प्रवेशांच्या मधे घातलेली नाचगाणी कथेला तोडत होती, एक तर अगदी अस्थानी होतं. पण पहाटे दोनला थंडीनं माणसं पेंगू लागली की तीच गाणी मंडप जागा करतात, हेही दिसत होतं. आवडलेल्या गाण्याला बक्षिसं येत होती, देणाऱ्याचं नाव गावासकट माईकवरून पुकारलं जात होतं. विनोदी जोडी आली तेव्हा लहान पोरं चादरीतून बाहेर आली आणि तिचा प्रवेश संपताच पुन्हा आयांच्या कुशीत शिरली.

साडेचारला शेवटचा पडदा पडला. बाहेर धुकं, त्यात ट्रॅक्टरांचे दिवे. नायिकेनं तोंडावरचा रंग खोबरेल लावून अर्धा उतरवला होता आणि ती चुलीपाशी चहा पीत होती. नागपूरची आहे, बाळ आईपाशी ठेवून हंगामात येते. त्या रात्री पुढचा प्रयोग सिंदेवाहीकडे, त्यामुळे झोप गाडीतच. मी तिला त्या शांततेबद्दल विचारलं. ती म्हणाली, “बाबांनी धरून ठेवलं ना,” आणि खड्ड्याकडे बोट दाखवलं. बाबा वही कापडात गुंडाळत होते.

मंडपाच्या तोंडाशी मंडळाची पोरं तिकिटांचे पैसे मोजत बसली होती. कंपनीचे व्यवस्थापक त्यांच्यात उकिडवे बसलेले. पलीकडच्या गावचे दोघं रात्रभर नाटक बघून आता त्यांच्यासमोर उभे होते, अंगावर चादरी, डोळे लाल.

“हेच नाटक पायजे. ह्याच बाया, हेच बाबा. तारीख हाये का?”

व्यवस्थापकांनी खिशातून वही काढली आणि टॉर्चच्या उजेडात डिसेंबरचं पान उघडलं.