पलूसला वाईन कधी करणार? तुम्ही विचारलंत म्हणून

दिंडोरीत दुसऱ्याच्या टाक्या सांभाळण्यापेक्षा आपल्या तासगावच्या द्राक्षांची वाईन का करत नाहीस, पलूसला का येत नाहीस, हे मला लग्नात विचारतात, मयतीला विचारतात. ‘उगवता वाईनमेकर’ म्हणून फोटो छापून आल्यापासून तर जास्तच.

माझं ठरलेलं उत्तर होतं: थॉम्पसन, आपल्याकडचं खायचं द्राक्ष. जीए या संजीवकाच्या पाण्यात घड बुडवून फुगवलेल्या मण्यात रस भरपूर, पण वाईनचा रंग आणि तुरटपणा येतो सालीतून, बियांतून; आपल्या द्राक्षाला बीच नाही. वाईन होते, पण पाणचट. एवढं ऐकून लोक गप्प बसायचे. पण हे अर्धंच उत्तर आहे. कॅबर्ने, खास वाईनचं द्राक्ष, आमच्या रानात होती की!

2001 चं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क निघाले. पुढं आप्पांनी एकरभर थॉम्पसन काढून कॅबर्ने लावली. वायनरीशी करार होता. सुरुवातीला गाडी आली, पैसेही आले. 2009 च्या फेब्रुवारीत मंदीचं निमित्त झालं आणि गाडी आली नाही. फोन केला की, ‘टाक्या भरल्यात, रिकाम्या झाल्या की उचलतो.’ आप्पा रोज सकाळी मणी चुरडून साखर मोजायच्या ब्रिक्समीटरच्या काचेवर रस लावायचे आणि उजेडाकडे धरायचे. बावीस. चोवीस. पुढं आकडा सांगायचंच त्यांनी बंद केलं. मणी सुरकुतायला लागले. खायच्या बाजारात हे बारीक, जाड सालीचं द्राक्ष कोण घेणार? शेवटी थोडा माल शेडवर वाळवला आणि सांगलीच्या बेदाणा सौद्याला नेला. मी सोबत होतो, दहावीची परीक्षा तोंडावर असताना. ओळखीच्या अडत्यानं एक दाणा तोंडात टाकला. कट्‌कन वाजलं. त्यानं बी तळहातावर काढली, आप्पांसमोर धरली आणि हसला. आप्पाही हसले. मी तिथून उठून चहाच्या गाड्यावर गेलो.

ऑक्टोबरात त्याच डॉगरिजच्या खुंटांवर थॉम्पसनची कलमं भरली. घरात कॅबर्नेचं नाव निघेना.

मग मी याच धंद्यात का आलो? सूड उगवायला नाही, राव. नोकरी लागली, वास आवडला. (हो, आंबणाऱ्या रसाचा वास. आई अजून नाक मुरडते.) आता शेतकऱ्याच्या ट्रॉलीपुढं ब्रिक्समीटर घेऊन मीच उभा असतो. ‘टाक्या भरल्यात’ हे मीही म्हटलंय, आणि खोटं नव्हतं: शिराझ, लाल वाईनचं द्राक्ष, सालीसकट आंबत असते तेव्हा टाकी आठवडाभर तरी अडकते, आणि मार्चच्या उन्हात बागेतल्या मण्यांचं आम्ल उतरायचं कुणासाठी थांबत नाही. हे मी त्या दहावीतल्या पोराला समजावून बघतो. तो एवढंच विचारतो, मग करार कशाला करता? गाडी परत पाठवण्याआधी मी आता दुसऱ्या वायनरीत फोन लावून बघतो. त्याला ते पुरत नाही. मलाही पुरतं असं नाही.

2022 ला सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय झाला, तेव्हा तात्यांचा फोन आला, ‘आता तरी ये.’ विरोध झाला, निर्णय कागदावरच राहिला. यंदा आप्पाच म्हणाले, बांधाकडच्या चार ओळी देतो, शिराझ लाव. मी म्हटलं, आधी घेणारा बघू. ‘घेणारा तूच की.’ टाकी कुणाची, लायसन कुणाचं, आणि एखाद्या साली मीच नाही म्हटलं तर? यावर आमचं अजून भांडण चालू आहे.