टीबी म्हणून आलेली केस

तेव्हा मी ग्रामीण रुग्णालयात नवीनच एमओ (मेडिकल ऑफिसर) होतो, पावसाळ्याचे दिवस, ओपीडीत पाय ठेवायला जागा नाही. 26 वर्षांची एक बाई आली, खोकला, दम आणि दोनदा खोकल्यातून रक्त. सोबत सासू. "सायेब, टीबीच हाय, दोनदा बेडका तपासला पण काय निघंना." मीही मनात टीबी धरूनच एक्सरे लिहिला.

व्ह्यू बॉक्सची ट्यूब गेलेली, फिल्म खिडकीला धरली. वर टीबीची कॅव्हिटी (फुफ्फुसातली पोकळी) शोधतोय तर काहीच नाही, उलट वरच्या शिरा हरणाच्या शिंगांसारख्या जाडजूड आणि खालच्या बारीक! म्हणजे उलटंच. मग हार्टकडे बघितलं. एकूण साइझ नॉर्मल, म्हणूनच नजर घसरते. पण डावीकडे ऑर्टाच्या (महाधमनीच्या) खाली जो खळगा असतो तो भरून कड पट्टीनं मारल्यासारखी सरळ झालेली, आणि उजवीकडे एका कडेच्या आत दुसरी कड, डावं एट्रियम (हृदयाचा वरचा कप्पा) मागून फुगल्याची सावली. खाली कोपऱ्यात बरगड्यांना टेकलेल्या सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या आडव्या बारीक रेघा, कर्ली बी लाइन्स, म्हणजे फुफ्फुसात रक्त तुंबून पाणी साठल्याची खूण. परीक्षेसाठी घोकलेल्या, पण खऱ्या फिल्मवर पहिल्यांदाच दिसल्या, मी तर नखानं मोजत बसलो.

मग स्टेथो लावला. खरं तर तो आधी लावायचा असतो, गर्दीत मी नुसता पाठीला टेकवून सोडला होता, लाज वाटली. डाव्या कुशीवर वळवून बेल (स्टेथोची खोलगट बाजू) हलकेच ठेवली, तर लांबून जातं फिरतंय तशी घरघर, अरुंद झालेल्या झडपेतून रक्त जाताना येते ती. विचारलं, ताई, लहानपणी सांधे सुजलेले का? "चौथीत असताना गुडघा, तो उतरला की मनगट." म्हणजे लहानपणीच्या सांध्यांच्या तापानं (र्‍ह्युमॅटिक फीव्हर) हृदयाची झडप आखडलेली, मायट्रल स्टेनोसिस, टीबी नव्हेच. पहिल्या बाळंतपणात दम लागायला लागला तेव्हा घरच्यांनी अशक्तपणा म्हणून सोडून दिलं, आणि गेले तीन महिने ती ज्वारीच्या पोत्याला टेकून बसूनच झोपत होती, हे सासूनं आत्ता सांगितलं!

जिल्ह्याला एको (हृदयाची सोनोग्राफी) झाला, मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, तिचं तोंड 0.8 चौरस सेंमी. नॉर्मल 4 ते 6. पुढे मेडिकल कॉलेजला मांडीच्या शिरेतून बलून घालून व्हॉल्व्ह फुगवला, छाती उघडावी लागली नाही.

नंतर तो ताप परत उलटू नये म्हणून दर 21 दिवसांनी ती पेनिसिलिनच्या 12 लाख युनिटच्या इंजेक्शनला यायची, सुई फार दुखते म्हणून सिस्टरशी भांडायची. सासूचं एकच टुमणं, "सायेब, टीबीचा बेडका परत तपासायचा का?"