जोडीने कोलकाता: पहाटे उठायची तयारी ठेवा

कोलकात्याला निघणाऱ्यांना माझी पहिली सूचना: दिवस तासभर आधी सुरू करा. जानेवारीत तिथे सव्वासहाच्या सुमाराला उजाडतं आणि संध्याकाळी सव्वापाचला सूर्य गेलेला असतो. मुंबई-पुण्याच्या सवयीने "दुपारी जरा पडू, चारनंतर बाहेर निघू" म्हणालात, तर अंधारच बघाल. त्यातून या शहराचं खरं रूप सकाळचं. नवऱ्याला सुट्टीत सहाला उठवणं हा आमच्याकडे भांडणाचा विषय, पण हुगळीच्या घाटावर पोचल्यावर तो गप्प झाला.

हावडा ब्रिजच्या पायथ्याशी, कोलकात्याच्या बाजूला, मल्लिक घाटाचा फुलबाजार आहे. दादरच्या फुलबाजारात वाढलेल्या माणसालाही इथे चालायला शिकावं लागतं. झेंडूच्या माळांचे मनगटाएवढे जाड जुडगे गळ्यात, खांद्यावर आणि डोक्यावर टाकून हमाल धावत येतात आणि कोणासाठी थांबत नाहीत. वाटेच्या मध्ये उभं राहून फोटो काढायचा विचार करू नका, कडेला सरका. खाली सगळा चिखल आणि कुजकी फुलं असतात, त्यामुळे चांगल्या चपला खोलीवरच ठेवा. वर पूल. तो 1943 साली वाहतुकीला खुला झाला. पात्रात एकही खांब नाही आणि सगळी जोडणी रिव्हेटची. फुलांच्या गर्दीतून मान वर करून बघितल्यावर तो फोटोतल्यापेक्षा कितीतरी अवाढव्य वाटतो.

पूल नीट बघायचा तर फेरी पकडा. हावडा स्टेशनच्या समोरच घाट आहे, तिकीट नाममात्र. हल्ली नदीखालून मेट्रोही जाते (मार्च 2024 पासून) आणि हावडा ते एस्प्लनेड काही मिनिटांत होतं. बोगद्यात निळे दिवे दिसले की आपण नदीच्या खाली आहोत असं समजायचं. माझं मत विचाराल तर येताना फेरी आणि सामान घेऊन जाताना मेट्रो. रविवारी मेट्रो उशिरा सुरू होते, तेव्हा त्या दिवशी सकाळच्या बेतात तिला धरू नका.

राहायला एस्प्लनेड ते पार्क स्ट्रीट हा पट्टा सोयीचा. लोक एस्प्लनेडला धर्मतला म्हणतात. दोन मेट्रोमार्ग तिथे मिळतात आणि 'मैदान' नावाचं मोठं मोकळं पटांगण चालत गाठता येतं.

आम्ही सगळ्यात जास्त रमलो ते मूर्तिकारांच्या वस्तीत, कुमारटुलीत. शोभाबाजार सुतानुटी मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येतं. सरस्वतीपूजा तोंडावर आली होती, त्यामुळे गल्लीत दोन्ही बाजूंना सरस्वतीच सरस्वती, बहुतेक बिनडोक्याच्या. आपल्या पेणच्या गणपतींसारखं साच्यातून अख्खी मूर्ती काढायचं काम इथे नाही. आधी बांबू आणि पेंढ्याचा सांगाडा सुतळीने आवळून बांधतात, त्यावर तूस घातलेली जाडी माती, मग नदीची मऊ माती. वाळताना भेगा पडल्या की मातीत भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या चिकटवून त्या बुजवतात. मुखवटे आणि बोटं वेगळी होतात. एक आजोबा मांडीवर पाट घेऊन नुसती बोटं वळत बसले होते, पाच-पाचच्या ओळी लावून. फोटोसाठी आधी विचारा. कामाचे दिवस असतात आणि गल्ली एवढी अरुंद की आपण कायम कोणाच्या तरी वाटेत असतो.

तिथून बागबाजार जवळच. कुल्हडातला चहा घेताना आमचं मराठी ऐकून शेजारच्या काकांनी चौकशी केली आणि हसत म्हणाले, "बर्गी!" बर्गी म्हणजे बंगालवर चालून आलेले मराठा घोडेस्वार. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने 1742 मध्ये इथल्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता, त्याचं नावच मराठा डिच. पुढे तो बुजवला आणि त्यावरून सर्क्युलर रोड गेला. बंगालात पोरांना झोपवायच्या अंगाईत अजून बर्गी येतात. महाराष्ट्रात या स्वाऱ्यांबद्दल आपण किती कमी बोलतो, हे त्या टपरीवर चांगलंच जाणवलं.

कॉलेज स्ट्रीट रविवार सोडून करा, पुस्तकांची दुकानं त्या दिवशी बंद असतात. व्हिक्टोरिया मेमोरियल आणि इंडियन म्युझियम सोमवारी बंद. आम्ही व्हिक्टोरियाची बाग फिरून निघालो. वेळ कमी असेल तर तेवढं पुरे.

रिक्षाबद्दल एक. इथल्या ऑटो ठरलेल्या मार्गावर शेअरनेच चालतात, मागे तिघं आणि पुढे ड्रायव्हरशेजारी एक. "मीटर टाका" म्हणायची सोयच नाही. कुठे उतरायचं ते आधी सांगा आणि सुटे पैसे जवळ ठेवा. पिवळ्या अँबॅसिडर टॅक्सी झपाट्याने कमी होताहेत, दिसली तर एकदा बसून घ्या. हिंदीवर सगळं भागतं.

खाण्याचं म्हणाल तर नवरा मालवणचा, म्हणजे मासा समुद्राचा नसेल तर तो त्याला मासाच म्हणत नाही. मोहरीतल्या भेटकीने त्याचं मत थोडं हललं. मला बिर्याणीतला बटाटा फार आवडला. मटणापेक्षा तोच रस पिऊन बसलेला असतो. शाकाहारी असाल तर सकाळची कचोरी आणि बटाट्याची भाजी धरा, आणि ऑर्डर देताना 'निरामिष' हा शब्द वापरा. भाजीत साखर लागली तर दचकू नका.

थंडीत जात असाल तर नोलेन गूळ, म्हणजे खजुराच्या रसाचा नवा गूळ, चुकवू नका. त्याचा संदेश, म्हणजे छेन्याची मिठाई, दोन तऱ्हांचा मिळतो. नरमपाक तिथेच उभ्याउभ्या खाऊन टाका, तो टिकत नाही. घरच्यांसाठी कडापाक बांधून घ्या. विमानाने परतणार असाल तर नोआपाडाला गाडी बदलून मेट्रोनेच विमानतळ गाठता येतो. ऑगस्ट 2025 पासून ही सोय झाली आहे. फक्त डबा आडवा धरू नका आणि गर्दीत तो नवऱ्याच्या हातात देऊ नका, स्टेशन येईपर्यंत डबा अर्धा होतो.