तुम्ही विचारलंत म्हणून: हवा किती ठेवता?

लग्नात, पेट्रोल पंपावर, ऑफिसच्या लिफ्टमध्ये, आणि महिन्यातून चार-पाचदा तरी फोनवर मला हे विचारलं जातं. तुमची स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस गाडी आहे, तुम्ही ट्रॅकवर गाडी चालवता, मग टायरमध्ये हवा किती ठेवता? मी आकडा सांगत नाही. टाकीचं झाकण उघडा, आतल्या बाजूला स्टिकर आहे, ते वाचा, एवढंच म्हणतो. बऱ्याच जणांना हा शिष्टपणा वाटतो. एकाने तर सरळ विचारलं, "माहिती दाबून ठेवून काय मिळतं तुम्हाला?" त्याला तेव्हा उत्तर दिलं नाही, ते आज देतो.

पूर्वी मी आकडा सांगायचो. हौसेने सांगायचो. माझा आकडा होता २८ पौंड (पीएसआय).

तो मी कोणाकडून ऐकलेला नव्हता. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर चार खेपा घालून, स्वतःचं डिझेल-पेट्रोल नव्हे तर सुट्ट्या आणि टायर जाळून मिळवला होता. २.१ किलोमीटरचा तो छोटा ट्रॅक, एकामागून एक वळणं, आणि माझी गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी, नाकाला जड. थंड, म्हणजे गाडी उभी राहून टायर गार असताना, ३४ ने सुरुवात केली की चौथ्या फेरीला पुढची चाकं ४२ च्या वर जायची आणि गाडी वळणात सरळ घसरायला लागायची. मी टायरच्या कडेला बुटाचं पांढरं पॉलिश लावायचो. वळणात टायर किती कलंडतो ते पॉलिश कुठपर्यंत पुसलं गेलं त्यावरून कळतं. टायरच्या बाजूला छोटा त्रिकोण असतो, तिथपर्यंत पुसलं तर ठीक, त्याच्या खाली गेलं तर हवा कमी, वरच थांबलं तर जास्त. असं करत करत थंड २८ वर आलो. तीन फेऱ्यांत ते ३५-३६ होत होतं, आणि तिथे गाडी मला हवी तशी वळत होती. मागच्या चाकांत मी दोन जास्त ठेवायचो, म्हणजे शेपटी थोडी मोकळी होते. हा आकडा बरोबर होता आणि त्या ट्रॅकवर आजही बरोबर आहे, हे मी कोणासमोरही म्हणेन.

पण तो कशासाठी बरोबर होता? गाडीत मी एकटा. मागची सीट रिकामी, डिकीतली स्टेपनीसुद्धा काढलेली. पंधरा-वीस मिनिटं चालवायचं, पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यात, यायचं, लगेच दाब मोजायचं गेज लावायचं. टायरला कोणीतरी सतत बघत असायचं. हे सगळं त्या २८ ला चिकटलेलं होतं, आणि मी सांगताना फक्त २८ सांगायचो.

त्यात आपल्याकडची ती पक्की समजूत. उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटतो. ती माझीही होती. मला ती शास्त्रीयच वाटायची, कारण तापमान दहा अंशांनी वाढलं की दाब दीडेक पौंडाने वाढतो हे मी स्वतः गेजवर पाहिलं होतं. म्हणून मी हिशेब मांडला: दुपारचं ऊन, सिमेंटचा रस्ता, ताशी १२० चा वेग, दाब सात-आठने वाढणार, मग सुरुवातच कमीवर करावी. हिशेबातली बेरीज बरोबर होती. चूक अशी की धड टायर त्या सात-आठने फुटत नाही. त्याची ताकद त्याच्या कित्येक पट असते, आणि स्टिकरवरचा आकडा ही वाढ धरूनच दिलेला असतो. टायर मरतो तो उष्णतेने, आणि उष्णता येते वाकण्यातून. माझ्या मापाचा टायर, २२५/४० आर १८, १२० च्या वेगाला मिनिटाला सुमारे हजार वेळा फिरतो. प्रत्येक फेरीत साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, एकदा चेपते आणि परत उभी राहते. हवा कमी तितकी ती जास्त चेपते, जास्त तापते, आणि शेवटी आतलं रबर आणि पट्टे एकमेकांना सोडतात. म्हणजे टायर तापू नये म्हणून हवा काढायची, आणि त्यामुळेच तो तापायचा.

हे मला २०२४ च्या एप्रिलपर्यंत माहीत नव्हतं. नाही, हे खोटं आहे. माहीत होतं. वाचलेलं होतं. ट्रॅकच्या आकड्यापुढे ते मला गौण वाटत होतं.

माझ्या मामेभावाने माझ्याच गाडीचं २०१८ चं मॉडेल जुनं विकत घेतलं, माझ्यामुळेच. एप्रिलमध्ये नागपूरला लग्न होतं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्याचा मेसेज आला: दादा, समृद्धीने चाललोय, हवा किती ठेवू? मी मीटिंगमध्ये होतो. मी लिहिलं: २८ ठेव, उन्हाळा आहे. त्याने विचारलं: चारही? मी लिहिलं: हो, आणि सेट दाबून टाक, नाहीतर दिवा लागेल.

एवढंच. ते दोन मेसेज माझ्याकडे अजून आहेत.

मी 'थंड' हा शब्द लिहिला नव्हता. किती जण आहात हे विचारलं नव्हतं. तो तीन वाजता, शहरातून बारा किलोमीटर गाडी चालवून, तापलेल्या टायरनिशी पंपावर गेला आणि २८ करून आला. दुसऱ्या दिवशी पहाटे थंड टायरमध्ये ते साधारण २४ असणार. गाडीत तो, त्याची बायको, सहा वर्षांची मुलगी, आणि मागच्या सीटवर मामी. डिकी आहेराच्या साड्यांनी आणि बॅगांनी भरलेली.

आणि सेट. त्या गाडीत प्रत्येक चाकाचा दाब मोजणारा सेन्सर नसतो. एबीएसच्या, म्हणजे ब्रेकच्या यंत्रणेच्या, सेन्सरवरून चाकं कशी फिरतात ते गाडी बघते आणि सेट दाबलं त्या वेळच्या फिरण्याशी ताडून बघते. सेट म्हणजे गाडीला सांगणं की आत्ता आहे ते बरोबर आहे. ट्रॅकवर मी ते दाबायचो कारण पिवळ्या दिव्याचा वैताग यायचा. माझ्या सांगण्यावरून त्याने २४ ला बरोबर ठरवलं. दिवा लागलाच नाही.

छत्रपती संभाजीनगरहून ते समृद्धीला लागले. मेहकर सोडल्यावर, एकच्या सुमाराला, मागचं डावं चाक गेलं. वेग ११० च्या आसपास, मर्यादेच्या आतच. त्याने सांगितलं की आधी फटफट असा आवाज आला, त्याला वाटलं रस्त्याचा सांधा असेल, आणि मग गाडीचा मागचा भाग निघून गेला. दोनदा कठड्याला घासून गाडी थांबली. मुलीला खरचटलं. मामींचा डावा दंड खांद्याजवळ मोडला. मी पुण्यात होतो. त्याचा फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो असा: वेग किती होता? मामी कशी आहे हे मी दुसरं विचारलं. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नव्हतं.

मामींच्या दंडात धातूची पट्टी घातली. हात खांद्याच्या वर जात नाही. अंबाडा आता सून घालून देते.

आता माझी बाजू. मला वाटतं मला ती मांडायचा हक्क आहे. तो टायर मी नंतर बघितला. आतून काळी भुकटी निघाली, साइडवॉल गोल रगडली गेलेली, म्हणजे कमी हवेत धावल्याची खूण. पण खिळ्याने हळूहळू हवा गेली असती तरी हेच दिसलं असतं, आणि टायरच्या इतक्या चिंध्या झाल्या होत्या की खिळ्याचं भोक शोधणं शक्य नव्हतं. शिवाय बाजूवरचा चार अंकी आकडा होता १४१८, म्हणजे २०१८ सालच्या चौदाव्या आठवड्यातला टायर. सहा वर्षांचा. जुन्या गाडीबरोबर आलेला, आधीच्या मालकाने कसल्या खड्ड्यांतून नेलेला कोण जाणे. उरलेली तीन चाकं त्याच हवेत, त्याच उन्हात तेवढंच अंतर धावली आणि शाबूत राहिली. मग माझ्या मेसेजनेच झालं असं कोण म्हणू शकेल?

मी स्वतःला हे अनेकदा ऐकवलं आहे. मग आठवतं की त्या टायरवर ९२ हा भारांक आहे, म्हणजे ६३० किलो, पण असा एक्सएल (जादा भाराचा) टायर तेवढा भार उचलतो तो २.९ बारला, म्हणजे ४२ ला. भरलेल्या गाडीचा मागचा टायर आणि २४. म्हातारा टायर ३८ वर असता तर कदाचित नागपूरपर्यंत पोचला असता. कदाचित नसताही. मला इथून पुढे जाता आलेलं नाही.

मी काय करतो ते सांगतो, कारण ते लपवायचं कारण नाही. सकाळी गाडी हलवण्याआधी स्वतःच्या गेजने मोजतो. पंपावरच्या दोन मशिनी मी एकाच सकाळी चार पौंडांच्या फरकाने वेगळ्या बोलताना पाहिल्या आहेत. एकटा असेन तर स्टिकरवरचा कमी भाराचा आकडा. चौघं आणि सामान असेल तर भरलेल्या गाडीचा, आणि त्यात मागच्या चाकांचा बराच वर असतो, त्याला घाबरत नाही. लांब हायवे असेल तर त्यावर दोन. हवा तापलेल्या टायरमधून कधीच काढत नाही. नायट्रोजन भरता का, हाही प्रश्न येतो. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तो तापल्यावर तसाच फुगतो. तो कोरडा असतो, थोडा हळू निसटतो, फुकट मिळाला तर घ्या.

पावसात चिकटून राहावं म्हणून हवा कमी करणाऱ्यांशी मात्र मी भांडतो. १९६३ मध्ये नासाच्या वॉल्टर हॉर्नने दाखवलं होतं की पाण्याने भरलेल्या पृष्ठभागावर टायर कोणत्या वेगाला तरंगू लागतो ते दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. ते प्रयोग विमानाच्या टायरसाठी होते, आपल्या टायरच्या नक्षीची खोली वेगळी, पण दिशा तीच: त्या सूत्राने ३३ ला सुमारे ९६ किलोमीटरचा वेग येतो, २४ ला ८२ चा. कमी हवेचा टायर पाण्यावर आधी उचलला जातो.

कारीला मी गेल्या डिसेंबरमध्ये पुन्हा गेलो. थंड २८ ठेवले. घरी निघण्याआधी पिटमध्येच चारही भरले, सेट दाबलं, तासाभराने पुन्हा मोजले. बरोबरच्या एका मुलाने विचारलं, किती ठेवलेत? मी म्हटलं, इथे की घरी जाताना? तो गोंधळला, आणि मला त्याच्यावर उगाचच राग आला.

मामी मला दर वेळी दारापर्यंत सोडायला येते आणि विचारते, "हवा बघितलीस ना रे?" तिला त्या मेसेजबद्दल माहीत आहे का, मला ठाऊक नाही. मी विचारलेलं नाही, आणि भावानेही कधी तो विषय काढलेला नाही. तो दोष देत नाही, हे मला दोष देण्यापेक्षा जड जातं.

मागच्या आठवड्यात त्याचा मेसेज आला. चारही टायर नवे घेतलेत, कोकणात चाललोय, दादा, किती ठेवू? खाली झाकणावरच्या स्टिकरचा फोटो. मी फोटो मोठा करून आकडा वाचला, टाइप केला, पुसला, आणि त्याला फोन लावला. म्हटलं, गाडी आत्ता कुठे उभी आहे, आणि किती वेळ?