तुम्ही विचारलंत म्हणून : कॅमेऱ्यावरून गवे मोजता येतात का?

राधानगरीच्या जंगलातील कॅमेरा ट्रॅपचे फोटो तपासण्याचे काम मी गेली काही वर्षे करतो आहे. कोल्हापुरात ज्यांना हे ठाऊक आहे, ते भेटले की एक प्रश्न ठरलेला असतो : ‘सर, एवढे हजारो फोटो काढता, तर जंगलात गवे किती आहेत ते एकदा सांगून टाका की.’ शहरातील माणसे हे कुतूहलाने विचारतात. अभयारण्याच्या कडेला ज्यांचा ऊस आहे, ते चिडून विचारतात, आणि त्यांची चीड रास्त आहे. ‘कॅमेऱ्यावरून सांगता येत नाही’ असे मी म्हटले, की आकडा माझ्याजवळ आहे पण मी तो दडवतो आहे, असा दोघांचाही समज होतो.

कॅमेरा ट्रॅप म्हणजे झाडाच्या खोडाला साधारण गुडघ्याच्या उंचीवर पट्ट्याने बांधलेली, जाडजूड पुस्तकाएवढी पेटी. तिच्यातील सेन्सर स्वतः कोणताही किरण सोडत नाही. समोरच्या पट्ट्यातून येणारी उष्णता तो सतत जोखत असतो, आणि आजूबाजूपेक्षा वेगळ्या तापमानाचे काही हलले, की फोटो निघतो. त्यामुळे उन्हाने तापलेली गवताची पात वाऱ्यावर डोलली, तरी पेटी इमानाने फोटो काढत राहते. एकदा कारवीची एक फांदी छाटायची राहिली आणि एका आठवड्यात त्या फांदीचे दोन हजारांवर फोटो जमा झाले. ते सगळे मी एकेक करून पाहिले आहेत. याच्या उलटही घडते. एप्रिलच्या दुपारी कातळसडा तापून जनावराच्या अंगाइतका गरम झाला, की सेन्सरला दोहोंतला फरक कळत नाही, आणि चांगला धिप्पाड गवा समोरून जाऊनही कार्ड कोरे राहते.

आता मोजणीकडे वळतो. वाघ मोजता येतो, कारण प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधावे लागतात. पुढचे गणित तळ्यातील माशांचे आहे. तळ्यातून वीस मासे पकडून त्यांना खूण केली आणि परत सोडले. काही दिवसांनी पुन्हा वीस पकडले तर त्यांत खुणेचे पाच निघाले. म्हणजे तळ्यातील दर चार माशांत एक खुणेचा, आणि एकूण मासे सुमारे ऐंशी. वाघाच्या अंगावर ही खूण जन्मजात असल्यामुळे त्याला हातही लावावा लागत नाही. नागरहोळेच्या जंगलात उल्हास कारंत यांनी १९९० च्या दशकात ही रीत वाघांसाठी वापरली आणि पुढे ती देशभर रुजली. २०१८ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ३ कोटी ४८ लाखांहून अधिक फोटो निघाले. त्यांपैकी वाघाचे होते ७६,६५१. पट्टे जुळवल्यावर बछडे वगळून वेगवेगळे वाघ भरले २,४६१. फोटो आणि जनावर यांच्यातील अंतर एवढे असते. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे, तर एप्रिल २०२२ मध्ये राधानगरीत टिपलेला वाघ डिसेंबर २०२३ मध्ये उत्तरेला चांदोलीत पुन्हा टिपला गेला, तेव्हा तो तोच आहे हे पट्ट्यांवरूनच सांगता आले.

गव्याच्या अंगावर असे काहीही लिहिलेले नसते. सगळे काळे-तपकिरी, सगळ्यांच्या पायांत पांढरे मोजे. रात्री कॅमेऱ्याचा प्रकाश इन्फ्रारेड असतो, त्यामुळे फोटो कृष्णधवल येतो आणि रंगातला होता नव्हता तो फरकही पुसला जातो. शिवाय गवा कळपाने हिंडतो. चौकटीत तीन दिसतात, पण मागे चार आहेत की चौदा, हे पेटीला कळत नाही; आणि परवाचे तीन, कालचे तीन व आजचे तीन मिळून नऊ झाले की तेच तीन तीनदा आले, हे मलाही कळत नाही. एखाद्याचे शिंग मोडलेले असते, एखाद्याचा कान फाटलेला असतो, तेवढे मात्र ओळखीचे होतात. पण त्या चार-दोन ओळखीच्यांवरून ३५१ चौरस किलोमीटरच्या अभयारण्याचा हिशेब मांडता येत नाही.

मग काही जाणकार विचारतात, की शंभर रात्रींमागे किती वेळा गवा आला, हे तरी काढता येईल ना? येते, आणि आम्ही ते काढतोही. एकाच ठिकाणी अर्ध्या तासाच्या आतले सगळे फोटो एकच हजेरी धरायचे, आणि अशा हजेऱ्यांना कॅमेरा चालू असलेल्या रात्रींनी भागायचे. मात्र हा आकडा गव्यांच्या संख्येइतकाच त्यांच्या चालण्याचा असतो. उन्हाळ्यात पाणी आटले, की तेवढेच गवे दुप्पट चालतात आणि आकडा फुगतो. पाणवठ्यावर बांधलेला कॅमेरा गर्दी दाखवतो, तर तिथून हाकेच्या अंतरावर दाट जाळीत बांधलेला ओस पडलेला असतो. ओळख न पटणाऱ्या जनावरांची घनता काढण्यासाठी २००८ मध्ये एक सूत्र मांडले गेले. पण त्यात जनावर दिवसाला किती चालते आणि सेन्सर किती अंतरावरून त्याला पकडतो, या दोन गोष्टी आधी माहीत असाव्या लागतात, आणि कॅमेरेही जनावरांच्या वाटा न पाहता ठरवावे लागतात. माझ्याजवळचे बहुतेक कॅमेरे वाघ-बिबट्यांसाठी वाटांवरच बांधलेले होते.

इथे माझी एक चूकही सांगून टाकतो. एका खेपेला बॅटऱ्या बदलल्यावर घड्याळ पुन्हा लावायचे मी विसरलो. महिन्याभराने फोटो पाहू लागलो, तर गवे भर मध्यरात्री लख्ख उन्हात चरताना दिसले. त्या महिन्याच्या वेळा मला कुठल्याच तक्त्यात घालता आल्या नाहीत.

गवे मोजायचेच असतील, तर पायी चालावे लागते. आखलेल्या सरळ रेषेवरून पहाटे चालायचे, दिसलेला प्रत्येक कळप मोजायचा, तो रेषेपासून किती दूर होता हे नोंदवायचे, आणि जसजसे दूर जावे तसतसे किती नजरेतून सुटतात, याचा अंदाज त्यावरून बांधायचा. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून केलेली प्रगणना अनेकांना आठवते, आणि तिची हौस मलाही आहे; पण तिच्यातून त्या रात्री त्या पाणवठ्यावर काय आले एवढेच कळते.

राधानगरीजवळच्या एका गावातील आबांना हे सगळे मी त्यांच्या ओट्यावर बसून एकदा समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘जंगलातलं ऱ्हाऊ दे. आमच्या बांधावर किती रात्री येतो, ते तरी तुमची पेटी सांगंल का?’ हा प्रश्न पेटीच्या आवाक्यातला होता. त्यांच्या उसाच्या कडेला, जिथे कुंपण मोडले होते तिथे, एकवीस रात्री कॅमेरा ठेवला. घड्याळ या वेळी दोनदा तपासले. नऊ रात्री गवा आला. त्यांतल्या सहा रात्री उजवे शिंग मोडलेला एकच नर होता, तो एकटाच यायचा, आणि रात्री एकच्या आधी एकदाही आला नव्हता. आबा आणि त्यांचा मुलगा अंधार पडल्यापासून बारापर्यंत बॅटरी घेऊन माळ्यावर राखणीला बसत आणि मग घरी येऊन झोपत. फोटोंच्या कोपऱ्यातील वेळा आबांनी चष्मा लावून एकेक करून वाचल्या, आणि मुलाला म्हणाले, ‘आजपासनं आधी झोपायचं.’