फिशटँकमधली झाडं आणि वाया गेलेला पावसाळा

त्या दुकानावरून गेलं की अजून माझं डोकं तापतं. जूनमध्ये तिथून झाडं आणली आणि थेट गणपतीपर्यंत ती सडताना बघत बसले.

टाकी बसवायला काही त्रास झाला नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे साधारण 55 लिटर पाणी. तळाला धुतलेली बारीक खडी, एक स्पंज फिल्टर, वर एलईडी दिवा. पाणी मुरायला महिना दिला, मग सहा गप्पी मासे सोडले. प्लास्टिकची झाडं मला नकोच होती. मामाच्या गावच्या ओढ्यात पाण्याबरोबर लवणारं लांब हिरवं गवत असायचं, ते मनात होतं.

दुकानात काचेच्या टाकीत झाडं बुडवून ठेवलेली होती, अगदी टवटवीत. बांबूसारख्या हिरव्या कांड्या, पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांचं एक आणि जांभळ्या, सुरकुतलेल्या पानांचं एक. ‘सगळी पाण्यातलीच आहेत, ताई,’ दुकानदार म्हणाले. सोबत एका छोट्या जाळीच्या कुंडीत क्रिप्टोकोरीन नावाचं झाड दिलं.

दुसऱ्या आठवड्यात जांभळ्या पानांचा रंग उतरला आणि ती भिजलेल्या कागदासारखी झाली. कांडी जरा ओढून बघितली, तर साल मोज्यासारखी निसटून हातात आली. आत नुसते पांढरे दोरे, आणि गटारासारखा वास. क्रिप्टोकोरीनचीही पानं विरघळली.

मी दुकानात गेले. खत कमी पडतंय म्हणाले, बाटली घेतली. पुढच्या वेळी प्रकाश कमी पडतोय म्हणाले, दुसरा दिवा घेतला आणि दोन्ही दिवे दहा-दहा तास चालू ठेवले. त्यानंतर कार्बन डायऑक्साइडच्या गोळ्या. मग बुरशीचं औषध. प्रत्येक वेळी सडलेली काढून नवी, तीच तीन झाडं घेऊन घरी आले. आपलंच काहीतरी चुकतंय या भावनेने मी रात्री दहाला हात कोपरापर्यंत बुडवून सडलेला पाला वेचायचे. ऑगस्टपर्यंत खडीवर, काचेवर, फिल्टरवर केसांसारखं हिरवं शेवाळ चढलं. ते होणारच होतं: खत आणि उजेड भरपूर, पण ते वापरून वाढणारं झाड टाकीत एकही नाही. एके दिवशी पहाटे सगळे गप्पी पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकत होते. सडणारा पाला पाण्यातला ऑक्सिजन खातो, आणि रात्रभरात तो सगळ्यात कमी झालेला असतो, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. दोन गप्पी गेले. पाणी बदलता बदलता मला रडू आलं.

गणपतीला नणंद आली. ती कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. आरतीआधी टाकीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘वहिनी, ही पाण्यातली झाडंच नाहीत. ही कांडी म्हणजे लकी बांबू, तुमच्या हॉलमध्ये फुलदाणीत आहे तीच. त्याची पानं पाण्याबाहेर असतील तर जगतो.’ पट्ट्यांचं स्पायडर प्लांट, आणि जांभळं हेमिग्राफिस. दोन्ही कुंडीतली.

तिने कारणही नीट सांगितलं. पाण्यात वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतात. पाण्यातल्या झाडांची पानं पातळ, मेणाच्या थराशिवाय असतात, म्हणून ती थेट पाण्यातून कार्बन डायऑक्साइड ओढतात. जमिनीवरच्या जाड, मेणचट पानांना ते जमत नाही. साठवलेल्या अन्नावर काही आठवडे हिरवी राहतात आणि मग सडतात. त्या काही आठवड्यांतच ती दुकानातून विकली जातात. मला राग येतो तो इथे.

क्रिप्टोकोरीन मी कचऱ्यात टाकायला निघाले होते, तिने हात धरला. हे खरंच पाण्यातलं आहे. पण विक्रीसाठी बहुतेक वेळा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. पाण्यात बुडवलं की जुनी पानं गळतात. मुळं पांढरी आणि घट्ट असतील तर हात लावायचा नाही, जागाही बदलायची नाही. याची एक जात, क्रिप्टोकोरीन रेट्रोस्पायरॅलिस, आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांत उगवते, लांब पिळदार पानांची. मामाच्या गावचं ते गवत हेच होतं का, कोण जाणे.

म्हणून झाड घेताना पाण्याबाहेर धरून बघा. हायड्रिला, वॅलिस्नेरिया अशी खरी पाण्यातली झाडं हातात ओल्या केसांसारखी लोंबतात. ताठ उभं राहणारं प्रत्येक झाड वाईट नसतं, क्रिप्टोकोरीनही ताठ असतं. तेव्हा नाव विचारा, आणि नाव सांगता येत नसेल तर घेऊ नका.

मग मी सुरुवात हायड्रिला आणि वॅलिस्नेरियाने केली. दोन्ही झपाट्याने वाढतात आणि शेवाळाच्या तोंडचं खत पळवतात. एकच दिवा, टायमर लावून सात तास. दर रविवारी पाव टाकी पाणी बदलते. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडं ठेवते, क्लोरीन उडून जातो. जावा फर्न हे पाण्यातलं झाड घेतलंत, तर त्याचा आडवा खोडाचा भाग खडीत पुरायचा नाही, सडतो. दोऱ्याने लाकडाला बांधायचा. मे महिन्यात पाणी 32 अंशांवर गेलं होतं, तेव्हा टेबलफॅनचा वारा पाण्यावर सोडला आणि दोन-तीन अंश उतरलं. शेवाळ जायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात मी एकही औषध घातलं नाही, याचा मला अभिमान आहे.

क्रिप्टोकोरीनच्या रिकाम्या बुडख्यातून दसऱ्याच्या आसपास एक तपकिरी सुई वर आली. दोन दिवसांनी ती उलगडली, नखाएवढं पान. आता खडीखालून धावणाऱ्या फुटव्यांतून अकरा रोपं झाली आहेत.

छाटलेली हायड्रिला मी उन्हात पूर्ण वाळवून कुंडीत घालते. तळ्यात किंवा नाल्यात कधीच टाकू नका. जलपर्णीही दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठीच आणलेली होती, आणि आज पावसाळ्याआधी आमच्या नदीचं पाणी तिच्याखाली दिसत नाही.